हाताचं माप

जन्मभर सोनपेठच्या मुलांना मराठी शिकवलेल्या बाईने बंदुकीच्या काडतुसांवर लिहावं, हे वाचून आमच्या घरची मंडळी हसणार. हसू देत. बाकीच्यांनीही घाबरू नये, आमच्या घरात काठीपलीकडे शस्त्र नाही. पण आमची एक जुनी पायली आणि अमेरिकेतलं एक यंत्र यांची माझ्या मनात गाठ पडली आहे. तेवढी आज सोडवायची आहे.

२०१९ च्या हिवाळ्यात मी दोन महिने धाकट्या बहिणीच्या मुलाकडे, अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सला होते. भाच्याला नेमबाजीचा नाद. वापरून झालेल्या पितळी पुंगळ्या तो जपून ठेवतो आणि गॅरेजमध्ये बसून पुन्हा भरतो. तिकडे हा पुष्कळांचा छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा. काडतुसं बनायची ती खडकी, वरणगावच्या कारखान्यांत, एवढीच माझी माहिती. त्यामुळे पहिले चार दिवस मी त्या गॅरेजकडे फिरकलेच नाही. पाचव्या दिवशी कुतूहल जिंकलं.

त्या यंत्राला प्रोग्रेसिव्ह प्रेस म्हणतात. खाली गोल तबकडी, तिच्यावर चार-पाच पुंगळ्या उभ्या. दांडा एकदा ओढून परत सोडला की प्रत्येक पुंगळीवर तिचं तिचं काम होतं. एकीचा आकार नीट होऊन ठिणगीची टोपी बदलते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते, चौथीचं तोंड आवळलं जातं. मग तबकडी एक घर पुढे सरकते. यंत्र एकदा भरात आलं की दर ओढीला एक काडतूस तयार.

यात नाजूक काम दारूचं. (आमच्या गावात या शब्दाचा दुसरा अर्थ जास्त चालतो, पण इथे बंदुकीचीच.) पिस्तुलाच्या काडतुसात ती चार-पाच ग्रेन लागते. ग्रेन म्हणजे किती? इंग्रजांनी १८३३ मध्ये आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवला. तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे एक ग्रेन साधारण अर्धी गुंज, आणि काडतुसातली सगळी दारू दोन-अडीच गुंजा! सोनाराच्या तराजूतलं काम. ती फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकून राहते, आणि ते न कळता दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. चुकून दुप्पट पडली तर बंदूकच हातात फुटायची. म्हणून भाचा दारू पडलेल्या प्रत्येक पुंगळीत दिवा धरून डोकावतो आणि मगच गोळी ठेवतो. बोलणं नाही, फोन नाही.

मी विचारलं, "यंत्र एवढं बारीक तोलतं कसं रे?"

"मावशी, यंत्र तोलत नाही. मापतं."

वर दारूचं नळकांडं, खाली सरकती पट्टी, पट्टीत एक लहानशी पोकळी. पोकळी नळकांड्याखाली आली की भरते, पुढे सरकली की पुंगळीत रिकामी होते. मी म्हटलं, "अरे, ही तर पायली!"

त्याने मला दांडा दिला. पुंगळीत टोपी नाही, वर गोळी नाही, नुसती दारू पाडायची आणि तोलायची. त्याच्या दहा मापांत एक दशांश ग्रेनच्या वर फरक नव्हता. माझ्या दहांत कधी जास्त, कधी कमी. यंत्र तेच, दारू तीच. मी एकदा दांडा हापशासारखा दणकन ओढला, एकदा भीत भीत. दणक्याने दाणे खाली बसतात आणि पोकळीत जास्त मावतात. घाई केली तर पोकळी भरायच्या आतच पट्टी सरकते. "ताकद नको मावशी, लय सारखी ठेव. दोन्ही टोकांना क्षणभर थांब."

मग त्याने बाकीचं सांगितलं. नळकांडं नवं भरलं की पहिली काही मापं धरायची नाहीत, परत ओतायची. दारू अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, कारण वरचा भार बदलला की खालचं माप बदलतं. आत एक पडदी बसवतात, तीही भार सारखा राहावा म्हणूनच. बारीक गोल दाण्याची दारू मोहरीसारखी वाहते आणि सारखी पडते. लांब काड्यांची दारू शेवयांच्या चुऱ्यासारखी अडते. आणि दहा मापं एकत्र तोलून दहाने भागायचं, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही. वर्गाची सरासरी पन्नास आली म्हणून नापास झालेला पोरगा पास होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून सुटी मापंही तोलायची.

त्या रात्री मला झोप आली नाही. १९८१ सालची ज्वारी आठवत राहिली.

आमचं थोडं रान बटईने दिलेलं होतं. बटईदारांना आम्ही मामा म्हणायचो. त्या वर्षी खळ्यावर रास मापली तेव्हा मी शाळेत होते. मामांनी आमच्या वाट्याच्या चाळीस पायल्या पोत्यांत भरून घरी आणून टाकल्या. पायली आमचीच, माप सपाट, वरून हात फिरवलेलं. मला काय दुर्बुद्धी झाली, मी त्यांच्यासमोर पोती ओतून परत मापली. "लाभ, दोन, तीन..." करत शेवटी अडतीसही पुऱ्या भरल्या नाहीत. मी काय बोलले ते लिहवत नाही. चोर हा शब्द त्यात होता.

मामा एवढंच म्हणाले, "बाई, दाणा तेवढाच हाय. हात बदलला."

मला ते उलट उत्तर वाटलं. पुढच्या हंगामाला त्यांनी रान सोडलं. दहा-बारा वर्षांनी ते वारले, त्या घरी मी भेटायलाही गेले नाही.

फीनिक्सहून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात माळ्यावरून पायली काढली. मामांसारखी भरली. टोपलीतून ज्वारी सोडायची, हात फिरवायचा, झालं. पिशवीत ओतून शेजारच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली. मग माझ्या पद्धतीने भरली. मला पीठ, डाळ, काहीही भरताना भांडं फरशीवर दोनदा आपटायची सवय आहे. आई तशीच भरायची. आपटलं की दाणे बसतात, वर जागा होते, आणखी मूठभर मावतं. दुसऱ्या वेळी वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास जास्त भरलं. अडतीस पायल्यांना हा फरक साडेसात किलोंच्या वर जातो. म्हणजे दोन पायल्या आणि वर थोडं.

दुकानदाराने विचारलं, "बाई, हिशेब लागला का?" मी मान हलवली.

मामांचा मुलगा इथून जवळच राहतो, त्याचीही आता साठी उलटली. त्याच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं. यंत्र, पायली, आपटणं, तो शब्दसुद्धा. त्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मामांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला, "जाऊ द्या बाई, लई दिस झाले," आणि चहा ठेवायला सांगितला. चहा गोड होता, पण घोट उतरेना.

भाच्याजवळ शंका आली की तोलायला काटा होता. काटा आमच्या बाजारातही होता तेव्हा, चार पावलांवर. मला तोलायचं सुचलं नाही, बोलायचं सुचलं.

पायली आता माळ्यावर ठेवत नाही. स्वयंपाकघरात समोरच ठेवली आहे. भांडं आपटायची सवय मात्र अजून गेलेली नाही.