दुखण्यांची बारशी

समोरच्याच्या डोळ्यात चांगल्या उजेडात, अगदी जवळून पाहिलं, तर काळ्या वर्तुळात आपणच दिसतो, इवलेसे, डोकं जरा मोठं. मराठीनं त्या वर्तुळाला बाहुली म्हटलं. रोमन लोकांनी म्हटलं पुपिला, म्हणजे छोटी मुलगी किंवा बाहुलीच. ग्रीकांचा शब्द कोरे, त्याचाही अर्थ मुलगी. संस्कृतातली कनीनिका, तीही धाकटी पोर. कुणी कुणाकडून उसनं घेतलं हे शोधत बसायची मला गरज वाटत नाही. डोळ्याला डोळा भिडवला की कुणालाही हेच दिसणार.

दुखण्याखुपण्याचे शब्द मला आवडतात ते यासाठी. कारण कळायच्या, औषध सापडायच्या कितीतरी आधी कुणीतरी नीट पाहिलेलं असतं. ग्रीक वैद्य गेलेननं ज्याला हेमिक्रेनिया, म्हणजे अर्धी कवटी, म्हटलं, ते झिजत झिजत फ्रेंचांच्या तोंडी मिग्रेन झालं आणि आपल्याकडे मायग्रेन होऊन आलं. इथे आधीपासून अर्धशिशी होतीच, अर्धं शीर्ष. दुखणं एक, वर्णन एक. फक्त मायग्रेन म्हटलं की रजा लवकर मिळते.

मोतीबिंदूच्या बाबतीत मात्र पाहणाऱ्यांचं एकमत झालं नाही. अरब हकिमांना डोळ्यात पाणी उतरलेलं दिसलं. ते लॅटिनमध्ये जाताना कॅटरॅक्ट झालं, म्हणजे धबधबा. आपल्याला तिथे मोती दिसला. दृष्टी नेणाऱ्या गोष्टीला मोती म्हणायचं, आणि वर तो पिकला की काढायचा!

सगळ्यांत बारकाईनं पाहिलं असेल ते नागिणीला. पाठीच्या कण्यापाशी सुरू होऊन बरगडीच्या कडेकडेनं पुढे येणारी पाणीदार फोडांची रांग, खाली लालभडक कातडी, आणि आग अशी की सदऱ्याचा स्पर्श सोसवत नाही. ग्रीक हर्पिसचा अर्थ सरपटणारं; ते क्रियापद आणि आपला सर्प एकाच मुळातले. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. पण मराठीनं पट्ट्याला जीव दिला, आणि भीतीही: नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं, वेढा पुरा झाला, की माणूस गेला. प्रत्यक्षात लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून बसतो आणि कधीतरी त्याच एका तंतूच्या वाटेनं कातडीवर उतरतो. उजव्या अंगाचे तंतू उजवीकडे, डाव्याचे डावीकडे. त्यामुळे ही नागीण शरीराच्या मध्यरेषेशी येऊन बहुधा थांबते. वेढा पुरा झालेला सहसा कुणी पाहिलेला नसतो, त्यामुळेच तर समजूत टिकली.

नुसतं पाहिलं त्यांचं नाव टिकलं, कारण सांगायला गेले ते फसले. इटालियनांनी दलदलीच्या वाईट हवेवर ठपका ठेवून मलेरिया म्हटलं. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला तो डासाच्या पोटात सापडला, तरी बिचाऱ्या हवेची सुटका झाली नाही. हिवतापानं फक्त हीव आणि ताप सांगितला. त्याला आजही काही मागे घ्यावं लागत नाही.

लसीचं मात्र न्यारंच. फोडातून झिरपणारं पातळ पाणी म्हणजे लस. १७९६ मध्ये जेनरनं गवळणीच्या हातावरच्या गोस्तनदेवीच्या, म्हणजे गाईच्या देवीच्या, फोडातून तीच घेतली. लॅटिनमध्ये गाय म्हणजे वाका, म्हणून व्हॅक्सिन. त्यांनी गाय पाहिली, आपण फोड पाहिला. आपल्याकडे ती बगदाद, बसऱ्याहून माणसांच्या दंडादंडांवरून प्रवास करत पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढे १८८१ मध्ये पाश्चरनं सुचवलं की जेनरच्या सन्मानार्थ इतर रोगांवरच्या अशा टोचण्यांनाही व्हॅक्सिनच म्हणावं. म्हणून कोविडच्या व्हॅक्सिनमध्ये गाय नव्हती आणि लसीत लस नव्हती, तरी रांगा लागल्या.

गावाकडे तर लस हा शब्दही फार कुणी वापरत नसे. रोग देवीचा आणि टोचायच्या त्याही देवीच. ‘पोराच्या देवी काढल्या का?’ असं विचारायचे. रोगाचं आणि त्याच्या उताऱ्याचं असं एकच नाव दुसऱ्या कुठल्या दुखण्याला मिळालेलं मला तरी आठवत नाही. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. तो असेपर्यंत त्याला नावं ठेवायची कुणाची छाती होती!