बाटली चढवली की ताकद येते का?

“डॉक्टर, लई अशक्तपणा आलाय. एक बाटली चढवा, म्हणजे ताकद येईल.”

तुम्हीही कधीतरी असं म्हणाला असाल. दवाखान्यात गर्दी असली की पूर्वी मीही वाद न घालता सलाईन लावायचो. शेतमजुरी करणाऱ्या एका ताईंना मी अशा दोन बाटल्या चढवल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा दारापासून खुर्चीपर्यंत येतानाच त्यांना धाप लागली. मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ६.४! बाईमाणसाला ते किमान १२ हवं. ही तपासणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

त्या बाटल्यांनी त्यांना काय मिळालं? ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे पाच-सहा चमचे साखर, १०० कॅलरीसुद्धा नाहीत. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये तर एकही कॅलरी नसते. घरची एक भाकरी याहून बरी!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. साखर म्हणजे ताकद नव्हे. साखरेतल्या ऊर्जेचा जो भाग प्रत्यक्ष कामाला लावता येतो, त्याला शास्त्रात ‘मुक्त ऊर्जा’ म्हणतात. ती पेशी कशी वापरते?

जुन्या विहिरीवरची मोट आठवा. पाणी आपोआप वर येत नाही. बैल उताराच्या धावेवरून खाली जातात आणि त्या ओढीनं पाणी वर येतं. पेशीतही तसंच. साखरेचं ज्वलन ही उताराची क्रिया, ती आपणहून घडते. स्नायू आकसणं, नवीन प्रथिनं तयार होणं ही चढाची कामं. या दोन्हींना जोडणारा दोर म्हणजे एटीपी नावाचा रेणू. साखर जळताना एटीपी बनतं आणि ते मोडताना चढाची कामं होतात. साखरेतली साधारण एक तृतीयांश ते निम्मी ऊर्जा अशी कामी येते, बाकीची उष्णता होते. म्हणून तर आपलं अंग गरम असतं. एटीपीचा साठा अगदी थोडा असतो. त्यामुळे ते सतत मोडतं आणि पुन्हा बनतं. दिवसभरात जवळजवळ आपल्या वजनाइतकं!

आता महत्त्वाचं. भरपूर ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात. ऑक्सिजन नसेल तर फक्त २. ऑक्सिजन वाहून नेतं हिमोग्लोबिन, आणि ते बनायला लोह लागतं. ताईंच्या शरीरात साखर होतीच, ऑक्सिजन पुरत नव्हता. वरून आणखी साखर ओतून काय होणार?

त्यांची पाळी कित्येक महिने खूप जास्त जात होती. त्यावर उपचार केले, लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी त्या चालत आल्या, धाप न लागता.

सलाईन वाईट नाही. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं, तोंडानं काही घेता येत नसेल, तर ते जीव वाचवतं. पण नुसत्या थकव्यासाठी बाटली मागू नका. “मला थकवा का येतोय?” असं विचारा. हिमोग्लोबिन, रक्तातली साखर, थायरॉईड तपासून घ्या. मधुमेहात तर रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात. तिथे ग्लुकोजची बाटली घातकही ठरू शकते.

आणि डॉक्टर न तपासता बाटली लावत असतील, तर थांबवून विचारा. मला त्या ताईंनी विचारलं असतं, तर बरं झालं असतं.