तुरुंग आणि चावी

लिस्बनला पोहोचलो त्या दिवशी घरमालकिणीने माझ्या हातात दाराची किल्ली ठेवली आणि ती म्हणाली, "शाव्ह." मला हसू आले. आपली 'चावी' ती हीच. पाव, बटाटा, काजू, अननस, साबण हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले, हे शाळेत शिकलो होतो. चावीही त्यांचीच. आणि 'तुरुंग' हा शब्दही त्यांच्याच भाषेतून मराठीत आला. त्या महिन्याभराच्या मुक्कामात हे दोन्ही शब्द माझ्या मनात सतत शेजारी शेजारी उभे राहतील, याची मात्र तेव्हा कल्पना नव्हती.

आमची मुलगी नोकरीनिमित्त तिथे राहते. आम्ही दोघे सत्तरी ओलांडलेले. लिस्बन हे सात टेकड्यांचे शहर म्हणवते. पदपथ पांढऱ्या-काळ्या दगडी तुकड्यांनी जडवलेले, दिसायला देखणे, पण पावसाची सर येऊन गेली की कमालीचे निसरडे. ज्येष्ठांनी रबरी तळव्याचे बूट आणि हाती काठी घेतल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये. चढाचा त्रास टाळायचा तर जुनी पिवळी ट्राम आहे. मार्तिम मोनीझ चौकातून निघणारी 28 क्रमांकाची ट्राम अरुंद गल्ल्यांतून, लोकांच्या खिडक्यांना जवळजवळ खेटत, अर्धे शहर दाखवून आणते. तिच्या पाटीवर शेवटच्या थांब्याचे नाव असते 'प्राझेरेश'. त्याचा अर्थ 'सुखे'. त्या थांब्यावर उतरल्यावर समोर दिसते ते मात्र एक मोठे कब्रस्तान. 1833 च्या कॉलऱ्याच्या साथीत ते सुरू झाले. तिथल्या देवीच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. सुखांच्या पाटीखाली बसून मृत्यूच्या दारात उतरायचे, हा योगायोग कोणालाही क्षणभर थांबवील असा आहे.

कब्रस्तानाच्या कडेने पुढे गेले की टेकडी एकदम उतरते. खाली आल्कांताराची दरी. उजवीकडे दगडी कमानींचा उंच जलसेतू. 1755 च्या भूकंपात शहर कोसळले तेव्हाही हा उभा राहिला. दूर डावीकडे तेजो नदीवरचा तांबडा झुलता पूल. आणि मधल्या उतारावर एक साधी, शांत वस्ती. वाळत घातलेले कपडे, कुंड्यांतली फुले, बाकावर बसलेले दोन म्हातारे. हिचे नाव काझाल व्हेंतोझो, म्हणजे वाऱ्यावरची वाडी.

मुलीने मला इथे मुद्दाम आणले नव्हते. मीच हट्ट धरला होता. कारण या वाडीचे नाव मी पूर्वी वाचले होते. 1980 आणि 1990 च्या दशकांत युरोपातला हेरॉईनचा सर्वांत मोठा उघडा बाजार म्हणून ही टेकडी कुप्रसिद्ध होती. पोर्तुगालमधली जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही 25 एप्रिल 1974 रोजी संपली. आफ्रिकेतल्या लढायांवरून सैनिक आणि वसाहतींतून लाखो लोक परतले, बंद दारे एकाएकी उघडली आणि त्या दारांतून अमली पदार्थही आत आले. समाजाला ना त्यांची ओळख, ना त्यांच्याशी कसे वागावे याचा अनुभव. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या या देशात साधारण 1 लाख माणसे हेरॉईनच्या विळख्यात होती, असा अंदाज केला जात असे. म्हणजे शंभरात एक. श्रीमंत-गरीब, शिकलेला-अडाणी असा भेद राहिला नव्हता. जवळजवळ प्रत्येक कुटुंबात कोणी ना कोणी वाऱ्यावर गेले होते.

मी त्या उतारावर किती वेळ उभी होते, ठाऊक नाही. माझे यजमान मात्र चार पावले मागेच थांबले होते. ते का थांबले, हे मला कळत होते.

त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर, 1986 साली गेला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या. त्या काळी मुंबईत 'गर्द' नावाचे भूत घराघरांत शिरत होते. त्याच्या खिशात चांदीच्या कागदाचे काळवंडलेले तुकडे सापडले तेव्हा आम्हाला उलगडा झाला. अमली पदार्थांचा नवा कायदा नुकताच, 1985 मध्ये, आला होता. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "दहा वर्षे सक्तमजुरी. घरच्यांनाही सोडत नाहीत." सासूबाईंनी त्या दिवसापासून कोणालाही काही बोलायचे नाही असे ठरवले. डॉक्टरांनासुद्धा नाही. आतल्या खोलीला बाहेरून कुलूप लावले. बारा दिवस तो तडफडला, ओकला, भिंतीवर डोके आपटत राहिला. गर्दुल्ल्यांच्या भाषेत ज्याला 'टर्की' म्हणतात ती हीच, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. तेराव्या दिवशी तो शांत झाला, न्हाला, जेवला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी तो "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गेला आणि रात्री त्याचा देहच घरी आला.

त्याला काय झाले, हे आम्हाला वर्षभराने एका डॉक्टरांनी सांगितले. काही दिवस पदार्थ बंद राहिला की शरीराची तो सोसण्याची ताकद उतरते. मग पूर्वीचीच मात्रा घेतली तरी श्वास थांबतो. तुरुंगातून सुटलेल्यांच्या बाबतीत हेच घडते. आमच्या भाऊजींच्या बाबतीत तुरुंग आम्हीच झालो होतो. चावी सासूबाईंच्या कनवटीला होती.

काझाल व्हेंतोझोहून परतताना एका ओळखीच्या घरी जायचे होते. मूळच्या मडगावच्या, ऐंशी ओलांडलेल्या एक बाई. 1961 नंतर गोवा सोडून लग्न होऊन लिस्बनला आलेल्या. मुलीच्या शेजारणीने त्यांची ओळख करून दिली होती. "यो गो, बस," असे कोकणीत स्वागत झाले आणि माझ्या मालवणीला एकदम कंठ फुटला. वाडी पाहून आलो, असे मी सांगताच त्यांनी कप खाली ठेवला.

"माझा मुलगा तिथेच असायचा," त्या म्हणाल्या. "आठ वर्षे. मी रात्री त्या उतारावर त्याला शोधत फिरायची. पोलीस दिसला की मीच लपायची, जणू चोरी मी केली होती."

मग त्यांनी 2002 ची गोष्ट सांगितली. मुलगा थोड्याशा पुडीसह पकडला गेला आणि तीन दिवसांत एका कचेरीत हजर राहण्याचा कागद घरी आला. त्यांनी काळे कपडे काढून ठेवले, म्हणाल्या, कारण आता मुलगा परत येत नाही हे त्यांनी गृहीत धरले होते. पण तिथे न्यायाधीशाची उंच खुर्ची नव्हती. साधे टेबल, त्याच्याभोवती काही माणसे. त्यांनी मुलाला बसवले आणि विचारले, किती दिवसांपासून घेतोस, झोप लागते का, घरी कोण आहे, उपचार घ्यायची तयारी आहे का. "मुलगा रडला नाही. मी रडले," बाई म्हणाल्या. "आठ वर्षांत त्याला झोपेविषयी कोणी विचारले नव्हते. मीसुद्धा."

हे टेबल कुठून आले, ते सांगायला हवे. 1998 मध्ये पोर्तुगीज सरकारने तज्ज्ञांची एक समिती नेमली. डॉ. जुआंव गुलांव हे दक्षिणेकडच्या आल्गार्व्ह भागात व्यसनी रुग्णांवर उपचार केलेले डॉक्टर तिचे सदस्य होते. पुढे तेच या धोरणाचा चेहरा बनले. समितीच्या शिफारशींवरून झालेला कायदा 1 जुलै 2001 रोजी लागू झाला. अमली पदार्थ कायदेशीर झाले, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. ते जवळ बाळगण्यास मनाईच आहे, आणि विकणाऱ्याला आजही तुरुंग आहे. पण स्वतःपुरते, साधारण दहा दिवस पुरेल इतके, ज्याच्याजवळ सापडते त्याला गुन्हेगार मानले जात नाही. हेरॉईनसाठी ही मर्यादा 1 ग्रॅम ठरवली गेली. त्या माणसाला न्यायालयाऐवजी कायदा, आरोग्य आणि समाजसेवा यांच्या जाणकारांच्या तीन सदस्यीय मंडळापुढे पाठवतात. व्यसन नसेल तर समज किंवा दंड, व्यसन असेल तर उपचारांची वाट. त्याच काळात सरकारने उपचार केंद्रे वाढवली, मेथाडोनचे औषध रोज डोळ्यांदेखत पाजणाऱ्या गाड्या रस्त्यावर आणल्या, स्वच्छ सुया दिल्या.

परिणाम काय झाला? भीती होती की देश व्यसनींनी भरून जाईल. तसे घडले नाही. 2001 मध्ये सुयांतून अमली पदार्थ घेणाऱ्यांत एचआयव्हीच्या नव्या रुग्णांची नोंद वर्षाला हजाराहून अधिक होती. 2017 पर्यंत ती पन्नाशीच्याही खाली आली. शिक्षा झालेल्या कैद्यांत अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचे प्रमाण पूर्वी 40 टक्क्यांच्या वर होते, ते पुढे निम्म्याहून कमी झाले.

पण या वादाला दुसरी बाजू आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आर्थिक संकटानंतर 2012 मध्ये पोर्तुगालने या कामाची स्वतंत्र संस्था मोडून तिची कामे वाटून टाकली. अलीकडच्या वर्षांत लिस्बन आणि पोर्तो शहरांत पुन्हा रस्त्यावर, दारादारांत नशा करणारी माणसे दिसू लागली आणि रहिवाशांची तक्रार वाढली. ती खोटी नाही. नातवाला शाळेत नेणाऱ्या आजीला पायरीवर सुई दिसली तर तिचे भय खरेच असते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचा अनुभव तर अधिक कडू. तिथे 2020 मध्ये लोकांनी मतदान करून शिक्षा काढून टाकली. शिक्षेऐवजी 100 डॉलरचा दंड, आणि मदतवाहिनीला फोन केला की तोही माफ. फोन फारच थोड्यांनी केले. उपचारांची सोय उभी राहायला वेळ लागला, त्यातच फेंटानिल नावाच्या घातक पदार्थाची लाट आली, आणि सप्टेंबर 2024 पासून तिथे ते पुन्हा गुन्हा ठरले.

या दोन अनुभवांतून मला उमगले ते इतकेच. कुलूप काढणे हे अर्धे काम आहे. दार उघडल्यावर पलीकडे कोणी माणूस बसलेला हवा. तो नसेल तर शिक्षा असली काय आणि नसली काय, मुलगा वाऱ्यावरच.

आपल्या देशात 1985 च्या कायद्यानुसार सेवन हाही गुन्हाच आहे. हेरॉईनसारख्या पदार्थांसाठी 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो तसाच असावा की नाही, यावर जाणत्यांनी वाद जरूर घालावा. परंतु घरात ज्येष्ठ म्हणून वावरणाऱ्या प्रत्येकाने त्याच कायद्याचे कलम 64 अ माहीत करून घ्यावे. केवळ सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत उपचार घेऊ इच्छित असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. ही छोटी चावी आपल्याच कायद्यात आहे. सासूबाईंच्या त्या दिवसांत मात्र ती कायद्यात नव्हती. ज्या वर्षी आमचा मुलगा गेला त्याच 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले होते. तीन-चार तासांच्या अंतरावर दार उघडे होते आणि आम्ही कुलूप लावून बसलो होतो.

म्हणून वाचकांना काही गोष्टी सांगते. नातू, मुलगा, सून, कोणीही व्यसनात आहे असे कळले तर त्याला कोंडू नका. पदार्थ घरच्या घरी एकाएकी तोडू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्याने तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांना सर्व खरे सांगा. केंद्र सरकारची 14446 ही व्यसनमुक्तीची निःशुल्क मदतवाहिनी आहे, तिच्यावर घरच्यांनीही बोलावे. उपचार घेऊन किंवा कोठडीतून परतलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, तेव्हा त्याला एकटे सोडू नये. कोणी हाकेला ओ देत नसेल, श्वास मंद झाला असेल, तर कुशीवर वळवून लगेच 108 ला फोन करा. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. आणि घरातल्या वृद्धांच्या तीव्र वेदनांवरच्या व झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवा. कुलपाची जागा तिथे आहे.

मडगावच्या बाईंकडून निघायची वेळ झाली तेव्हा त्यांचा मुलगा कामावरून आला. छप्पन्न-सत्तावन्नचा, केस पिकलेले, यकृताच्या दुखण्याने चेहरा ओढलेला. मधे दोनदा तो घसरला होता, पुन्हा उठला होता. आजही रोज मेथाडोन घेतो. पूर्ण बरा झाला का, असे मी विचारले नाही. त्याने आम्हाला नमस्कार केला, हात धुतले आणि कपाटातून आईचा गोळ्यांचा डबा काढला. रक्तदाबाची, साखरेची, अशा आठवड्याच्या गोळ्या त्याने एकेका खणात मोजून भरल्या. बाई कौतुकाने नव्हे, सवयीने पाहत होत्या.

ट्रामची वाट पाहताना यजमान पहिल्यांदाच बोलले. अडतीस-एकोणचाळीस वर्षांत या विषयावर ते कधी बोललेच नव्हते.

"आपला धाकटा आज साठीचा असता," ते म्हणाले. "आईच्या गोळ्या त्याने भरल्या असत्या."

मी त्यांचा हात धरला. दगड ओले होते आणि उतार होता.