मशीनचं डोकं तापलं तेव्हा

नामपल्ली म्हटलं की इथे बहुतेक जण स्टेशन, नुमाइश आणि पब्लिक गार्डनबद्दल लिहितात, आणि छानच लिहितात. मी आज एका पंख्याबद्दल लिहिणार आहे. छताच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या पोटातल्या.

२०१९ चा मे महिना होता. शेजारच्या वहिनींचे यजमान मार्चमध्ये गेले होते. वहिनी मूळच्या लातूरकडच्या, हैदराबादेत चाळीस वर्षं झाली, पण बँक, इन्कमटॅक्स सगळं यजमानच बघायचे. कागदांनी भरलेली कापडी पिशवी घेऊन त्या आमच्याकडे आल्या. फॅमिली पेन्शनचा अर्ज, एफडीच्या पावत्या, वारस म्हणून भरायच्या रिटर्नचे कागद. पैसे घेऊन हे करून देणारे बाहेर पुष्कळ आहेत. पण एफडीचे आकडे परक्या माणसाला दाखवायला त्यांचं मन धजेना. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच बघा. जे काय आहे ते ह्या पिशवीत आहे."

आणि आमचं मशीन दर दहा मिनिटांनी बंद पडायला लागलं. धाडकन, न सांगता. पुन्हा चालू करावं, चार ओळी भराव्या, पुन्हा काळोख.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने झाकण न उघडताच सांगितलं, "बोर्ड गया, नया लेलो." मला ते पटलं नाही. बँकेत आम्ही मशीनं येताना पाहिलेली आहेत. डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला १९८४ साली, त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीनं आली. मशीनच्या खोलीला एसी, आम्हाला पंखा! चपला बाहेर काढून आत जायचं, देवघरात जावं तसं. युनियनवाले चिडायचे, पण एक गोष्ट तेव्हाच डोक्यात बसली, की मशीन उन्हाळ्यात रुसलं तर आधी त्याचा ताप बघावा.

नातवाला फोन केला. तो म्हणाला, "आजोबा, चालू करताच डिलीटचं बटण दाबत राहा, प्रोसेसरचं तापमान दिसेल." दिसलं. ७१, ८०, बघता बघता ९३, आणि बंद. हे प्रोसेसर फार तापले की आधी स्वतःच सावकाश चालतात आणि तरीही भागलं नाही तर जळून जाऊ नये म्हणून बंद होतात. म्हणजे बिघाड वाटत होता ती खरं तर त्याची शहाणी सवय होती.

झाकण काढलं. पंखा तर फिरत होता. प्लग काढून प्रोसेसरवरच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांना बोट लावलं, तर त्या जेमतेम कोमट! आत ९३ आणि वर कोमट. मग उष्णता वर पोचतच नव्हती.

आमचा प्रोसेसर आयथ्री, ६५ वॅटचा. म्हणजे जुन्या साठच्या दिव्यापेक्षा थोडी जास्तच उष्णता पोस्टाच्या तिकिटाहून लहान चिपमधून बाहेर पडायची. तो दिवा चालू असताना हातात धरून बघा म्हणजे कळेल. ही उष्णता वरच्या पात्यांत जायला दोन्ही धातू घट्ट टेकलेले हवेत. डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खळगे असतात आणि त्यात हवा बसते. हवेतून उष्णता नीट जात नाही, म्हणून मध्ये पेस्ट लावतात. मी हे वहिनींना समजावत होतो, तर त्या म्हणाल्या, "थालीपीठ तव्याला जिथे टेकत नाही तिथे पांढरंच राहतं, तसंच ना?" अगदी तसंच.

कूलरचे चार पाय बोर्डाच्या भोकांत खटकन बसतात. त्यातला एक तुटून वर आला होता, त्यामुळे कूलर एका बाजूने उचललेला. पेस्ट तर वाळून खडूच्या भुकटीसारखी झालेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, नामपल्लीहून मेट्रो धरली. अमीरपेटला बदलून पॅराडाइज, तिथून पार्क लेनचं चिनॉय ट्रेड सेंटर. जुना कूलर पुढे ठेवला. दुकानातला पोरगा विशीचा असेल. म्हणाला, "चाचा, टांग टूट गई इसकी. नया लेलो. पेस्ट थोडाच लगाना, हौ? बिर्यानी का मसाला नक्को समझो." असं हैदराबादी ज्ञान पुस्तकात मिळत नाही.

घरी येऊन बोर्ड पेटीतून पूर्ण बाहेर काढलं, कारण पाय मागच्या बाजूने नीट बसलेत की नाही ते तसंच दिसतं. जुनी पेस्ट मऊ कपड्याने आणि स्पिरिटने पुसली. चिपच्या मधोमध छोट्या मटाराएवढी नवी पेस्ट. ती बोटाने पसरायची नाही, कूलरच्या दाबाने आपोआप पसरते. जास्त लावली तर तीच आडवी येते, कारण कशीही असली तरी तिच्यातून उष्णता धातूइतकी सहज जात नाही. मग पाय दाबायचे ते समोरासमोरचे, कोपऱ्याला कोपरा. एका बाजूचे दोन आधी दाबले तर कूलर तिरका बसतो.

माझ्या अंगठ्यात आता तेवढं बळ नाही. सौ.ने बोर्ड दोन्ही हातांनी धरलं, वहिनींनी टॉर्च. पहिला खट्, समोरचा खट्, तिसराही बसला. चौथा काही केल्या बसेना. वहिनींनी टॉर्च माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबला. खट्! रोज भाकरी थापणारे हात ते. बोर्ड उलटं करून पाहिलं, चारही पाय मागे फाकून पक्के बसले होते. पंख्याची वायर तिच्या जागी जोडली, ती विसरली तर बाकी सगळं फुकट.

आकडा ४४ वर थांबला. अर्धा तास काम केलं तेव्हा ५६.

त्या संध्याकाळी पेन्शनचा अर्ज पुरा झाला. एफडीचे आकडे वहिनी स्वतः वाचून दाखवत होत्या, मी भरत होतो, आणि प्रत्येक आकडा त्या परत एकदा विचारत होत्या. पुढच्या महिन्यात रिटर्नच्या वेळी कीबोर्डसमोर त्या बसल्या आणि मी पिशवीतले कागद एकेक काढून देत होतो.