काना जाड, रेघ बारीक

साक्कोट्टै हे कुंभकोणमला लागून असलेलं गाव. इकडची तमिळ अक्षरं गोल वळणाची, एकाच जाडीच्या रेघेची, आणि त्याला कारण आहे. शतकानुशतकं तमिळ लिहिली गेली ती ताडपत्रावर, टोकदार लोखंडी लेखणीनं कोरून. टोक कुठेही वळवा, रेघ तेवढीच उमटते. छापखान्यात आल्यावर तमिळलाही जाड-बारीक रेघा मिळाल्या, ती पुढची गोष्ट.

तिथून तंजावर चाळीसेक किलोमीटर. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय, १८०३ सालचा. त्याच घराण्यातल्या सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’, म्हणजे मराठी इसापनीती, देवनागरीत छापली गेली. तमिळ मुलखात आलेल्या या लिपीचं मूळ हत्यार मात्र वेगळं होतं: तिरका कापलेला बोरू. तो वळला की रेघ आपसूक जाड-बारीक होते. रोमन टाकाचा काप याच्या उलट दिशेला, म्हणून अक्षराचं वजनही उलट बाजूला पडतं.

पार्माचा बोडोनी आणि पॅरिसचं दिदो घराणं यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रोमनच्या उभ्या रेघा जाड आणि आडव्या केसासारख्या बारीक केल्या. ‘व्होग’ मासिकाचं नाव आजही त्याच थाटात छापलं जातं.

हा थाट देवनागरीला चढवायला गेलं की पहिली अडचण कान्यापाशी. ‘सातारा’ लिहून बघावं. उभ्या रेघा पाच! सगळ्या जाड केल्या तर शब्दाचं कुंपण होतं. मग शिरोरेषा. बारीक ठेवली तर अक्षरं लोंबकळतात, जाड केली तर सगळी मजाच जाते. तिथे मधलं माप धरावं आणि बारीकपणा ‘र’च्या पायाच्या जोडाला, ‘थ’च्या गाठीला राखून ठेवावा. हौस भागवायला वेलांटी आहेच: नाजूक निघून शिरोरेषेवर फुगत गेली तर शोभते. सेरिफ, म्हणजे रोमन अक्षराच्या टोकाची आडवी शेपटी, मात्र उसनं आणू नये. बोरूचा तिरका काप पुरतो. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी (१८६९) राणोजी आरूंनी कोरलेले खिळे पाहिले की हे पटतं. बोडोनी बाजूला ठेवून आधी ते पाहावेत.

इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ हा अशाच टोकाच्या फरकाचा फॉन्ट, देवनागरी आणि रोमन दोन्हींसाठी, फुकट मिळणारा. मथळ्यात देखणा. मजकुरात नको: लहान आकारात बारीक रेघा तुटतात आणि वर्तमानपत्री कागदावर शाई पसरून ‘द्ध’, ‘क्ष्म’ बुजतात. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर त्याच रेघा शाईत बुडतात.

लग्नपत्रिकेवर वधूवरांची नावं यात खुशाल घ्यावीत. मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता साध्या फॉन्टात. सोनेरी फॉइल लावायची असेल तर आधी एक नमुना काढून घ्यावा, कारण फार बारीक रेघेवर ती नीट धरत नाही आणि छापखानेवाला तेव्हा फॉन्टकडे बोट दाखवतो.