काडेपेटीतलं बी

अण्णांच्या मेथीवर जहाज असायचं आणि मुळ्यावर घोडा. ते अंबरनाथला विम्कोत कामाला होते. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी १९२३ सालची, त्यामुळे आमच्या भागात काडेपेटीचा कारखाना म्हणजे घरातल्यासारखीच गोष्ट. तेव्हाच्या पेट्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या असत, वर कागद चिकटवलेला. रिकामी झालेली पेटी आई टाकू द्यायची नाही. जहाज छापात मेथी, घोडा छापात मुळा आणि ज्यांचं चित्र पुसट झालंय त्यांत माठ, पालक. या सगळ्या पेट्या एका पत्र्याच्या डब्यात, तळाशी बोटभर चुलीची राख, राखेवर फडकं. जूनच्या आधी डबा माळ्यावर चढायचा, तो दिवाळी सरल्यावर खाली यायचा.

राखेचं कारण मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे बियाण्याला थंडी-ऊन मारत नाही, पावसाळ्यातली दमट हवा मारते. बीमधला ओलावा एक टक्का कमी झाला तर त्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, असा बियाण्याच्या शास्त्रात एक ठोकताळा आहे. कोरडी राख डब्यातल्या हवेतली ओल ओढून घ्यायची. आईला टक्के ठाऊक नव्हते. राख दर वर्षी बदलायची असते, एवढं मात्र ती कधी विसरली नाही.

अंबरनाथजवळच्या आमच्या मोरिवलीत तेव्हा भात होतं. कापणी झाली की खाचरांत वाल पेरायचे, आणि त्याला कुणी पाणी द्यायचं नाही. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव यांवर वाल वाढायचा, फेब्रुवारीत शेंगा लागायच्या. आमची स्वतःची शेती नव्हती. घरामागे परसात चार वाफे आणि एक विहीर होती, आणि त्या चार वाफ्यांत मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर, कडेला वाटाण्याच्या दोन ओळी.

पेरणीचा दिवस अण्णा ठरवायचे. कॅलेंडर बघून नाही. रात्री त्यांचे पाय उघडे असायचे. ज्या पहाटे झोपेतच त्यांनी गोधडी पायांवर ओढून घेतलेली असेल, त्या सकाळी ते उठून म्हणायचे, "चला, मेथी टाकू या." काही वर्षी हा दिवस नोव्हेंबरच्या मध्यावर यायचा, काही वर्षी पार डिसेंबर उजाडायचा.

मी दहा वर्षांची असताना मला एवढं थांबवलं नाही. ऑक्टोबरच्या सुट्टीत आईच्या मिसळणाच्या डब्यातले मूठभर धने घेतले आणि एका वाफ्यात पुरून ठेवले. पंधरा दिवस रोज पाणी घातलं. चार-पाच काड्या उगवल्या, त्याही हातभर होण्याआधीच फुलावर आल्या. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, मूठभर धने ठेवले आणि चपलेच्या तळव्याने हलके रगडून दाखवले. प्रत्येक धण्याचे दोन भाग झाले. आपण ज्याला एक दाणा म्हणतो ते खरं तर फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात, हे मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. "एक चूक ही," ते म्हणाले, "आणि दुसरी म्हणजे तू उन्हात पेरलंस." धने रात्रभर भिजवून, थंडी पडल्यावर पेरले की आठ-दहा दिवसांत उगवतात. उन्हाळ्याची चाहूल लागली की कोथिंबीर पानं सोडून फुलाच्या मागे लागते. ती तिची रीत आहे, तिला दोष देऊन उपयोग नाही.

विरळणीचं काम मला सर्वांत नावडतं होतं. मुळा तीन-चार दिवसांत उगवतो, दाट उगवतो, आणि त्यातली निम्मी रोपं उपटावी लागतात. पालकाच्या तर एका बोंडातून दोन-तीन रोपं निघतात, कारण आपला देशी पालक बीटच्या कुळातला. उपटलेली कोवळी रोपं आई कांद्यावर परतायची. त्या भाजीची चव मला अजून आठवते. बाजारात ती कधी मिळत नाही, मिळूही शकत नाही.

मग कारखाने वाढले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालचं, आणि आमच्या लहानपणीच त्याच्या वसाहती अंबरनाथ-मोरिवलीच्या अंगाला येऊ लागल्या होत्या. त्यांनी अनेक घरं जगवली, आमच्या नात्यातलीही. पण शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीचा रंग बदलला. हे मंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. इतकी शतकं ते नदीशेजारी उभं राहिलं, आणि माझ्या एका आयुष्यात नदीजवळ उभं राहणं अवघड झालं. एका वर्षी आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. आईने ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं आणि वाफ्यावर न घालता सांडून टाकलं. त्या वर्षी डबा माळ्यावरून खाली आला नाही.

लग्नानंतर बदलापूरला दोन खोल्यांत राहिले. भाजी लोकलमधून उतरल्यावर स्टेशनाबाहेर घ्यायची. रुळांच्या कडेने हिरवेगार माठाचे वाफे दिसायचे आणि त्यांना कुठलं पाणी जातं तेही दिसायचं. तरी जुडी विकत घ्यावी लागायची. त्या पंचवीस वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही.

आई गेल्यावर घर आवरताना डबा मिळाला. राख दगडासारखी बसली होती. मेथी पेरली, एक दाणा उगवला नाही. मुळाही नाही. अण्णांचं बी तिथे संपलं. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तो डबा मी आधी मागू शकले असते.

आता मी पुन्हा मोरिवलीत आहे, जुन्या खाचरांच्या जागी झालेल्या इमारतीत. गॅलरीत चौदा कुंड्या, तीन थर्माकोलचे खोके, नळाचं पाणी आणि स्वयंपाकघरातल्या सालींचं खत. पहिल्या वर्षी हौसेने फ्लॉवरचं बी आणलं. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. पानं सुपाएवढी झाली, गड्डा आलाच नाही. ते स्नोबॉल जातीचं बी होतं, उशिराच्या हंगामाचं. त्याला गड्डा धरायला दहा ते सोळा अंशांची थंडी लागते, आणि आमच्याकडे जानेवारीतही दुपार तिशीच्या आसपास जाते. त्याचं बी तयार होतं ते हिमाचलात, कुलूच्या खोऱ्यात, कारण खऱ्या थंडीशिवाय ते झाड फुलत नाही. पुढच्या वर्षी पुसा दीपाली ही लवकर येणारी जात लावली. मुठीएवढे का होईना, गड्डे आले. गाजरालाही गडद रंग भरायला पंधरा ते वीस अंश लागतात. आमची गाजरं फिकी असतात. मी ती दर वर्षी लावते आणि फिकीच खाते.

म्हणून कुठलं बी घरी धरायचं आणि कुठलं विकत आणायचं, हे मी आता ठरवून टाकलं आहे. कोबी, फ्लॉवर विकतचे. संकरित जातीचं बी धरत नाही, पुढच्या पिढीत ते आईबापांसारखं निघत नाही. मेथी, धने, माठ, पालक, वाल आणि देशी मुळा मात्र घरचा. मुळ्याची आठ-दहा झाडं उपटत नाही. मधमाश्या मुळ्यांची सरमिसळ करतात, एक-दोनच झाडं ठेवली तर बी नीट भरत नाही. फुलांनंतर डिंगऱ्या येतात. निम्म्या डिंगऱ्यांची भाजी, निम्म्या झाडावर वाळू द्यायच्या.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा टीव्हीवर त्यांच्या घरातल्या मडक्यांतलं, डब्यांतलं गावरान बी दाखवलं होतं. मी तेव्हा रडले. आमच्या माळ्यावर हेच होतं, आणि आम्ही ते राखेत मरू दिलं.

नातू विचारतो, "आजी, पाकिटावर ऑक्टोबर लिहिलंय, तू का थांबतेस?" मी त्याला सांगते, पाकीट छापणाऱ्याने आपली गॅलरी पाहिलेली नाही. आमच्याकडे थंडी जेमतेम अडीच महिन्यांची पाहुणी. गोधडी आता कुणी घेत नाही, म्हणून माझी खूण वेगळी आहे. ज्या पहाटे मी झोपेतून उठून पंखा बंद करते, त्या सकाळी मेथी टाकते. गेल्या वर्षी असा दिवस नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आला. मेथी तिसऱ्या दिवशी वर होती.

पेट्या आता पुठ्ठ्याच्या मिळतात, जहाज आणि घोडाही नाही. मी त्यांवर पेनाने नाव आणि साल लिहिते. राखेसाठी गावातल्या एका घरी अजून चूल पेटते, तिथून आणते. यंदा मुळ्याचं बी नऊ पेट्या भरून निघालं आहे, मला दोन पुरतात. आसपासच्या कुणाला हवं असेल त्यांनी दिवाळीनंतर यावं, आणि वाळल्या डिंगऱ्यांतलं थोडं बी पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी द्यावं. येताना रिकामी काडेपेटी घेऊन या.