लेबलवरचे अँपिअर

किर्लोस्करवाडी, पलूस, तासगाव या पट्ट्यात बाजारपेठेच्या कुठल्याही रस्त्यावर मोटार रिवाइंडिंगचं एक तरी दुकान सापडतंच. दारात उघडून ठेवलेले स्टेटर, भिंतीला टांगलेले लाकडी फर्मे, तांब्याच्या तारेची रिळं, आणि सगळ्यावर वार्निशचा वास. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणला. पुढे तिथून पंप निघू लागले, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि जळालेली मोटार भरून देणारे कारागीर गावोगाव तयार झाले. माझे मामा त्यांच्यातलेच. विजेचं काही जे मला येतं, ते सुट्टीत त्यांच्या दुकानात बसून आलेलं आहे. त्याबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो. आणि स्टेपर मोटारीच्या बाबतीत मी जे चुकलो, तेही त्याच शिकण्याच्या जोरावर चुकलो.

झालं असं की मामांना बारीक तारेच्या कॉइल भरायचा त्रास होऊ लागला. मोठ्या मोटारीची जाड तार हातमशीनवर भराभर होते. पण कूलरचा पंप, टेबल फॅन, मिक्सर यांची तार केसासारखी असते आणि वेढे शेकड्यांनी. मनगट दुखतं, तारेवर ताण जास्त पडला की ती तुटते, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी साताऱ्याला असतो, फावल्या वेळात आर्डुइनोवर काही ना काही करत असतो. मामांना म्हटलं, तुम्हाला एक मशीन करून देतो. एक स्टेपर फर्मा फिरवेल, दुसरा तारेचा गाइड डावीउजवीकडे सरकवेल, वेढे किती हवेत ते बटणांनी टाकायचं. मामा म्हणाले, "कर की. पण वेढा चुकाय नको बघ."

त्याआधी मी फक्त २८बीवायजे-४८ ही छोटी मोटार चालवली होती, तीही यूएलएन-२००३ च्या बोर्डासकट मिळाली होती. पाच वायरी, पाच व्होल्ट, आत गिअर. पट्टी लावायची आणि चालू करायचं. मोटार आणि ड्रायव्हर एकमेकांना जुळतात की नाही हे पाहावं लागतं, असं मनातसुद्धा आलं नाही, कारण जुळवून देणाऱ्याने आधीच जुळवलं होतं.

मशीनसाठी पुण्याच्या तपकीर गल्लीतून नेमा १७ आकाराची मोटार आणली. इथे पहिला गैरसमज. नेमा १७ म्हणजे पुढची पट्टी १.७ इंचाची, म्हणजे साधारण ४२ मिलिमीटर, एवढंच. स्क्रूची भोकं कुठे बसतील ते त्यावरून कळतं. आतल्या वाइंडिंगबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. त्याच चौकोनात १२ व्होल्ट, ०.४ अँपिअर, ३० ओहमची मोटार मिळते आणि २.८ व्होल्ट, १.७ अँपिअर, दीड-पावणेदोन ओहमचीही मिळते. माझ्याकडची दुसऱ्या जातीची होती. घरात एल-२९८ चा बोर्ड पडून होता, त्यावर 'दोन अँपिअर' लिहिलेलं. मोटारीला १.७ लागतात, बोर्ड दोन देतो, मग चिंता कसली? १२ व्होल्टचा सप्लाय जोडला.

मोटार जागच्या जागी गुरगुरली, सप्लायचा दिवा मंदावला आणि बोर्डावरच्या हीटसिंकला हात लावेना. मोटार अडकली असेल म्हणून मी शाफ्ट हाताने फिरवून बघत बसलो. तोवर बोर्डाची एका कॉइलकडची बाजू गेली. हिशेब शाळेतला होता : १२ भागिले १.६५, म्हणजे सातच्या वर अँपिअर. एल-२९८ च्या त्या बोर्डावर करंटला आवर घालणारं काहीच नाही. तो फक्त स्विच उघडतो आणि मिटतो. जेवढे व्होल्ट द्याल, त्यातले थोडे स्वतः गिळून बाकीचे सरळ कॉइलवर टाकतो.

हा हिशेब मला का सुचला नाही, याचा मी नंतर बराच विचार केला. पंपाच्या मोटारीत लाइनचे व्होल्ट ठरलेले असतात आणि लोडप्रमाणे मोटार करंट ओढते. बेअरिंग जाम झालं की अँपिअर वाढतात. म्हणून स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले. माझ्या डोक्यात मोटार म्हणजे हीच. मोकळी फिरणारी मोटार फारसं काही ओढणार नाही, अशी माझी खात्री होती. स्टेपरची गोष्ट निराळी आहे. ती उभी असली, मोकळी असली, तरी कॉइलमधून करंट जातच असतो. उभ्या मोटारीला धरून ठेवणारं बळ त्यातूनच येतं. लोड किती आहे याच्याशी त्या करंटचा जवळजवळ संबंध नसतो. तो ठरवायचा ड्रायव्हरने.

मग ए-४९८८ आणला. हा चॉपर ड्रायव्हर. सप्लाय २४ व्होल्टचा असला तरी चालतो. तो करंट झपकन चढू देतो, ठरलेल्या मर्यादेला पोचला की तोडतो, खाली आला की पुन्हा सोडतो, सेकंदाला हजारो वेळा. मोटारीच्या लेबलावर २.८ व्होल्ट आणि सप्लाय २४ चा, हे मामांना पटेना. खरं म्हणजे मलाही आतून पटत नव्हतं. पण फायदा तिथेच आहे. कॉइलमध्ये इंडक्टन्स असतो, करंटला चढायला वेळ लागतो. वेग वाढला की तेवढा वेळ मिळत नाही आणि जोर पडतो. व्होल्ट जास्त असतील तर करंट वेळेत चढतो. १२ व्होल्टवर खडखडून थांबणारी माझी मोटार २४ वर त्याच वेगाने सुरळीत फिरली.

ए-४९८८ वर एक चिमुकला स्क्रू असतो, त्याने करंटची मर्यादा ठरते. माझी सगळ्यात मोठी चूक या स्क्रूवर झाली. मामा कुठलीही मोटार दुरुस्त झाली की लाइनच्या वायरीला टाँग टेस्टर लावतात आणि अँपिअर बघतात. मीही तेच केलं : मल्टिमीटर सप्लायच्या वायरीत घातला. अर्धा अँपिअरसुद्धा दिसेना. मोटारीला १.७ हवेत आणि जातोय एवढासाच, म्हणून स्क्रू पिळत गेलो. मीटरवरचा आकडा हलकेच वाढत होता, माझं समाधान होत नव्हतं.

चॉपर ड्रायव्हरमध्ये सप्लायचा करंट आणि कॉइलचा करंट हे दोन वेगळे आकडे असतात. सप्लायमधून २४ व्होल्टवर थोडा करंट येतो, कॉइलमध्ये दोन-तीन व्होल्टवर त्याच्या कितीतरी पट फिरतो. त्यामुळे सप्लायच्या वायरीतला मीटर कॉइलचे अँपिअर सांगूच शकत नाही. कॉइलच्या वायरीत मीटर घातला तरी फसगत होते : फुल स्टेपमध्ये ए-४९८८ प्रत्येक कॉइलला मर्यादेच्या ७० टक्केच करंट देतो. बरोबर रीत म्हणजे स्क्रूवरचं संदर्भ व्होल्टेज मोजायचं आणि त्याला सेन्स रेझिस्टरच्या आठपटीने भागायचं. हेही मी नंतर केलं, आणि तिथेही घसरलो. कुठूनतरी वाचलेलं, एक अँपिअरला ०.८ व्होल्ट. ते खरं आहे, पण सेन्स रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल तर. बोर्डावर चिपच्या शेजारी दोन बारीक काळे तुकडे असतात, त्यांवर आर१०० लिहिलेलं असतं. काही बोर्डांवर आर०६८ असतं, काहींवर आर०५०. मामांच्या टेबलावरचं भिंग घेऊन पाहिलं तेव्हा माझ्या बोर्डावर आर०५० निघालं. म्हणजे ०.८ व्होल्टला एक अँपिअर नव्हे, दोन.

ए-४९८८ च्या कागदावर दोन अँपिअर लिहिलेलं असतं, पण हीटसिंक आणि वारा नसेल तर हा छोटा बोर्ड एका अँपिअरच्या आसपासच टिकतो. त्याच्यावर गेलं की चिप तापते, स्वतःला वाचवण्यासाठी क्षणभर बंद पडते, निवली की पुन्हा चालू. मशीन चालताना मधेच एक उचकी लागल्यासारखा आवाज येई. मी गाइडच्या रॉडला तेल घातलं.

मामा कॉइल काढल्यावर ती काट्यावर टाकतात. तार वजनावर विकत येते, त्यामुळे ही सवय पिढीजात. एके दिवशी त्यांनी मशीनवरच्या सारख्या वेढ्यांच्या कॉइल ओळीने तोलल्या आणि मला हाक मारली. "आरं, तुझं मशीन चारशे म्हणतंय. काटा तसं म्हणत न्हाई." कॉइल एकसारख्या भरत नव्हत्या. डिस्प्लेवर मात्र चारशे, चारशे, चारशे.

स्टेपरला दिलेल्या पल्स आर्डुइनो मोजतो, फिरलेले फेरे नाही. ड्रायव्हर क्षणभर झोपला तेवढे फेरे गेले, आणि ते गेल्याचं कुणालाच कळलं नाही. वेढे कमी पडले की त्या वाइंडिंगमधून करंट जास्त जातो, मोटार तापते, पुन्हा जळते. माझ्या मशीनवरच्या कॉइल एका कूलरच्या मोटारीत बसवून, वार्निश देऊन, वाळवून झाल्या होत्या. गिऱ्हाईक ती न्यायला येणार होतं. मामांनी ती पूर्ण कापून काढली आणि हातमशीनवर पुन्हा भरली, स्वतःच्या तारेने. मला एक शब्द बोलले नाहीत. ती कापलेली, वार्निशने कडक झालेली कॉइल मी साताऱ्याला घेऊन आलो. दुकानाचं नाव कामावर चालतं आणि मी त्या नावाशी खेळलो होतो, ही बोच अजून आहे.

त्यानंतर मशीन नव्याने मांडलं. संदर्भ व्होल्टेज आर०५० धरून बसवलं, करंट मोटारीच्या लेबलापेक्षा बराच खाली ठेवला, कारण बारीक तारेला तेवढा जोर लागतच नाही. चिपवर हीटसिंक, शेजारी छोटा पंखा. फर्म्याच्या शाफ्टवर भोकाची चकती आणि ऑप्टो सेन्सर बसवला. डिस्प्लेवर आता पल्सचा नव्हे, चकतीचा आकडा येतो, आणि दोन्हींत फरक पडला की मशीन थांबतं. मामांनी हातमशीनचा जुना दातेरी काउंटरही त्यावर लावून घेतला. लावा म्हटलं.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो, कारण त्या सर्रास होतात. मोटारीची वायर ढिली वाटली म्हणून चालू सप्लायवर पट्टी काढली : कॉइलचा करंट तोडला की व्होल्टेज उसळतं, ड्रायव्हर जागीच गेला. आता मी आधी सप्लाय बंद करतो, मग हात लावतो. ड्रायव्हरच्या सप्लाय पिनांजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा राहिला होता, तोही लावला. ए-४९८८ च्या जागी डीआरव्ही-८८२५ घातला तेव्हा स्क्रू ज्या बाजूला होता त्याच बाजूला येईल असा बसवला. या दोन बोर्डांवर स्क्रू एकमेकांच्या उलट टोकांना असतो, त्यामुळे बोर्ड उलटा बसला आणि जळाला. बोर्ड स्क्रू बघून बसवू नये, पिनांची नावं वाचून बसवावा. डीआरव्ही-८८२५ चं गणितही वेगळं : ०.१ ओहमच्या रेझिस्टरवर व्होल्टेजच्या दुप्पट अँपिअर.

आणि मायक्रोस्टेप. मोटार गुळगुळीत चालावी म्हणून मी सोळावा भाग निवडला. एका फेऱ्याला २०० ऐवजी ३,२०० पल्स झाल्या, आणि मिनिटाला ३०० फेरे हवे असतील तर सेकंदाला १६,०००. माझ्या आर्डुइनोचा प्रोग्राम तिथवर पोचतच नव्हता, आणि मी मात्र ड्रायव्हरला दोष देत होतो. फर्म्याला हाफ स्टेप पुरेशी झाली.

जाड तारेसाठी नेमा २३ घेतली तेव्हा मात्र लेबल आधी वाचलं. तीन अँपिअर. ती ए-४९८८ च्या आवाक्यातली नाहीच. त्यासाठी पेटीतला, बाजूला बारीक स्विच असलेला ड्रायव्हर आणला. त्याच्या अंगावर करंटचे दोन रकाने छापलेले होते, एक नेहमीचा आणि एक शिखराचा. मी नेहमीच्या रकान्यातला, लेबलाच्या खालचा आकडा धरला, तासभर चालवली, मोटारीच्या अंगाला हात लावून पाहिला. स्टेपर गरम होतेच, पण हात ठेवता येत होता. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीची तार मामा अजून हातमशीनवरच भरतात, आणि ते मला योग्य वाटतं.

कराडची काही मुलं हल्ली जुन्या प्रिंटरमधून, भंगारातून काढलेल्या मोटारी घेऊन येतात. लेबल पुसलेलं असतं. मी आधी शाफ्ट बोटांनी फिरवून बघायला सांगतो. मग दोन-दोन वायरी एकमेकींना टेकवून पुन्हा फिरवायचा. ज्या जोडीवर तो एकदम जड लागतो, त्या दोन्ही वायरी एकाच कॉइलच्या. त्यानंतर त्या जोडीचा ओहम मोजायचा. तीसच्या आसपास आला तर एल-२९८ आणि १२ व्होल्टवर ती आरामात चालते. एक-दोन ओहम आला तर चॉपर ड्रायव्हरच हवा, आणि लेबल नसल्यामुळे करंट अर्ध्या अँपिअरपासून सुरू करून मोटारीच्या अंगाला हात लावत चढवायचा. सहा वायरी असतील तर प्रत्येक कॉइलची मधली वायर ओहम मोजून शोधायची, टेप लावून बाजूला ठेवायची, आणि टोकाच्या दोन-दोनच वायरी ड्रायव्हरला द्यायच्या.